हाकांचा बॅकअप

वडीगोद्रीत हायवेच्या कडेला माझं ऑनलाइन फॉर्मचं आन् झेरॉक्सचं दुकान आहे. काउंटरवर मी स्वतःच्या हातानं एक कागद चिकटवलाय: ‘आपल्या कागदपत्रांची एक कॉपी घरी ठेवावी. हरवल्यास दुकानदार जबाबदार नाही.’ कुणी दाखला हरवून आलं की मी त्याला तासून काढायचो. म्हातारा असो की कॉलेजची पोरगी असो. ‘कॉपी काढून ठेवायला काय जातं हो तुमचं?’ म्हणायचो. तो कागद अजून तिथंच आहे. मध्ये एकदा काढायला गेल्तो, तर चिकटपट्टीसंगं काउंटरचा रंग निघायला लागला, मंग राहू दिला.

माझे वडील, आबा, जन्मभर मेंढरामागं. आजोबाच्या काळात कळप घेऊन महिनोन् महिने चालत राहायचे. आबांनी ते बंद केलं, गावाच्या शिवारातच चारायचे. मोसंबीच्या बागा वाढल्या, पडीक रान गेलं, कळप आटत आटत थोडा राहिला. थोडा म्हणजे किती, ते मी सांगू शकत न्हाई. आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत. मोजली की दृष्ट लागते, दुसऱ्या दिवशी एखादं कमी होतं, असं आजोबापासून चालत आलेलं. संध्याकाळी वाडग्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाच्या, तोंडाशी आबा उकिडवे बसायचे, काट्याचं फाटक जरासंच उघडायचे आन् एकेक मेंढरू आत सोडायचे. आकडा तोंडातून काढायचा न्हाई. झालं की फाटक लावून हात झटकायचे. कुणी विचारलंच, तर म्हणायचे, ‘सगळी आली.’

एकदा आबांना ताप होता म्हणून मी मेंढरं घेऊन गेल्तो. दुकान बायकोवर सोपवलं आन् मोठ्या ऐटीत निघालो. दुपारी पाण्यावरून फिरवायची वेळ आली तर एक बी ऐकेना. घसा फुटस्तोवर ओरडलो, शिट्ट्या मारल्या, ढेकळं फेकली, तरी सगळी तोंड खाली घालून तिथंच. शेवटी आबा अंगावर घोंगडी घेऊन, तापात, दीड किलोमीटर चालत आले. बांधावर उभं राहून जीभ टाळूला लावून दोनदा टकटक केली आन् त्यावर एक लांब ‘हेऽऽय’ ओढली. सगळा कळप वळला, माझ्याकडं ढुंकून न बघता गेला. आबा म्हणाले, ‘शाळा शिकून तुला एवढं बी जमेना व्हय?’ आन् आठवडाभर येईल त्याला ही गोष्ट सांगून हसत राहिले.

मला राग आल्ता, खोटं कशाला बोलू. पण त्यातूनच डोक्यात आलं, की ह्या हाका रेकॉर्ड करून ठेवाव्या. दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून ‘हेऽऽय’ फोनवर घेतली आन् छोट्या स्पीकरवर वाडग्यापाशी वाजवली. मेंढरं उठून उभी राहिली की हो! आबा तर खूश झाले. मंग रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी आमची बैठक सुरू झाली. आबा एक हाक द्यायचे, मी फोन धरायचो. सकाळी बाहेर काढायची वेगळी, पाण्याला न्यायची वेगळी, पिकात तोंड घालणारीला दटावायची वेगळी, कोल्ह्याचा वास आला तर एका जागी गोळा करायची वेगळी. पोळ्याच्या आठवड्यात सुरू केलं ते पुढं कितीतरी महिने चाललं.

आमची भांडणं दोन गोष्टींवरून व्हायची. एक म्हणजे नावं. ‘आबा, ह्या हाकेचं नाव काय लिहू?’ असं विचारलं की आबा सांगायचे, ‘लिही: पान्यावर गेल्यावर मागची मेंढरं पुढच्यांच्या अंगावर चढायला लागली म्हंजी मागच्यांना थांबवायची.’

‘एवढं मोठं? नंबर देतो ना मी. हाक तीन.’

‘मेंढराला नंबर कळतो का? उद्या तुलाच कळणार न्हाई तीन कोनती आन् चार कोनती. सगळं लिही, बराबर लिही.’

मंग मी सगळं लिहायचो. प्रत्येक फाइलला दोन-दोन ओळींचं नाव.

दुसरं भांडण खोकल्यावरून. हाक ओढली की मागून आबांना खोकला यायचा. सुरुवातीला हलका, मंग ठसका लागल्यासारखा. माझं डोकं फिरायचं. ‘आबा, खोकू नका ना. हाक खराब होऊन राह्यली. पुन्हा म्हणा.’ आबा पाणी प्यायचे, पुन्हा म्हणायचे, पुन्हा खोकायचे. दुकानात बसून मी ते सगळं साफ करायचो. खोकला कापायचा, माझं बोलणं कापायचं, ‘बराबर झालं का रं?’ हा आबांचा दरवेळचा प्रश्न कापायचा. फक्त हाक ठेवायची, स्वच्छ. कापलेले तुकडे बाहेर ‘काटछाट’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचो, एक, दोन, तीन अशी नुसती नावं देऊन. कधीतरी सगळं एकदम उडवू म्हणून.

दर सोमवारी बाहेरची हार्डडिस्क लावून मी दुकानाचा बॅकअप घ्यायचो. त्यात आबांचं फोल्डर बी जायचं. कॉपी सुरू झाली की मध्येच एक खिडकी उघडायची: काही फायली जात न्हाईत, वगळू का? पुढं माणसं उभी असायची, कुणाची शेवटची तारीख, कुणाची बस. मी ‘वगळा’ दाबायचो. दर फाइलला विचारू नये म्हणून खालच्या चौकोनात खूण करायचो, सगळ्यांसाठी हेच. मंग डिस्क उघडून नजर टाकायचो. ‘आबा’ नावाचं फोल्डर दिसायचं. झालं. वायर काढायचो, डिस्क ड्रॉवरमध्ये ठेवायचो आन् अगदी आबांसारखे हात झटकायचो. ह्या हाका फोनमधून मी कधीच उडवल्या होत्या, जागा पुरत नव्हती. दुसऱ्या कुणाला पाठवल्या बी न्हाईत. आबांनीच बजावलं होतं: हाक दुसऱ्याच्या हातात गेली की मेंढरं त्याची होतात.

पुढच्या आषाढात आबांचा आवाज बसला तो उघडेना. जालन्याच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं. तिथं सांगितलं की गळ्यात गाठ आहे आन् ती स्वरयंत्रावर पसरली आहे. डॉक्टरांनी विचारलं, ‘खोकला कधीपासून आहे?’ मी म्हटलं, ‘झाले असतील दोन-तीन महिने.’ खरंच मला तसंच वाटत होतं.

स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज कायमचा जाईल, असं ते म्हणाले. आबांनी माझ्याकडं बघितलं आन् बसक्या आवाजात विचारलं, ‘मेंढरं कशी वळवायची?’

डॉक्टरांना प्रश्न कळला न्हाई. मला कळला. मी आबांचा हात धरला आन् छातीठोकपणे सांगितलं, ‘आबा, तुमचा आवाज माझ्याकडं आहे. सगळा. कंप्युटरात बी आहे आन् हार्डडिस्कमध्ये बी आहे. स्पीकर गळ्यात अडकवायचा, बटन दाबायचं, झालं. बिलकुल काळजी करू नका.’ आबांनी थोडा विचार केला आन् कागदावर अंगठा उठवला. माझ्या शब्दावर उठवला.

महिनाभर दवाखान्यात होतो. मेंढरं वाडग्यातच होती, बायको आन् चुलतभाऊ मिळून चारा आणून टाकायचे. आबांना घरी आणलं तेव्हा गळ्याच्या बुडाशी भोक होतं, श्वास तिथूनच चालायचा. शिट्टी वाजत न्हाई, जीभ टाळूला लावली तरी पहिल्यासारखी टकटक होत न्हाई. खोकला आला तर भोकातून नुसती हवा सुटते, ती बी वेगळीच. आबा वाडग्यापाशी गेले तर मेंढरांनी वास घेतला, जवळ आली. पण बाहेर काढून त्यांना वळवायचं म्हटलं की काही उपाय न्हाई. बोलण्यासाठी आम्ही एक रीत बसवली: बोटं एकदा वाजवली की ‘हो’, दोनदा वाजवली की ‘न्हाई’.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. कंप्युटर सुरू केला तर आतून टिक, टिक असा आवाज, आन् पडदा काळाच. बंद केला, पुन्हा सुरू केला. डब्याला थापट्या मारल्या, जशा जुन्या टीव्हीला मारायचो तशा. दहा-पंधरा वेळा तरी चालू-बंद केला असेल. माझं डोकं तापलेलं, पण पोटात भीती नव्हती. बॅकअप होता ना.

शेजारच्या मेडिकलवाल्याच्या कंप्युटरला हार्डडिस्क लावली. ‘आबा’ फोल्डर दिसलं. उघडलं. आत ‘सकाळ’, ‘पाणी’, ‘रान’, ‘संध्याकाळ’ अशी माझी फोल्डरं ओळीनं होती. ‘सकाळ’ उघडलं, रिकामं. ‘पाणी’ उघडलं, रिकामं. सगळी उघडली. सगळी रिकामी.

मंग माझी धावाधाव सुरू झाली. वायर बदलली. डिस्क मागच्या भोकात लावली, पुढच्या भोकात लावली. फायली लपल्या असतील म्हणून लपलेलं दाखवायचं बटन दाबलं. डिस्कची तपासणी लावली, ती दोन तास चालली आन् शेवटी म्हणाली, डिस्कमध्ये काही दोष न्हाई. दोष न्हाई म्हणे! दुपारी बायकोचा फोन आला. ‘येताय ना? आबा सकाळपासून गळ्यात स्पीकर अडकवून दारात बसलेत. जेवले बी न्हाईत.’ मी म्हटलं, ‘जरा वायरचा प्रॉब्लेम आहे, सांग त्यांना.’

दुसऱ्या दिवशी कंप्युटर आन् हार्डडिस्क दोन्ही पिशवीत घालून जालन्याला गेलो. तिथं एका गल्लीत कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत, वयानं माझ्याएवढ्या, डोळ्याला भिंग लावून काम करतात. मी त्यांना ताई म्हणतो. त्यांनी आधी कंप्युटरला वीज दिली, टिकटिक ऐकली आन् लगेच बंद केला.

‘भाऊ, हा आवाज आल्यावर किती वेळा चालू केला?’

‘असेल दहा-पंधरा वेळा.’

आतली डिस्क उघडून त्यांनी मला तिची चकती दाखवली. आरशासारखी चकती आन् तिच्यावर गोल ओरखडा. वाचणारा काटा तुटून तिच्यावर घासला होता. पहिल्याच टिकटिकीला बंद करून आणला असता तर काही निघालं असतं, आता न्हाई, असं त्यांनी सांगितलं. पुण्याला बी पाठवू नका, म्हणाल्या, नुसती आशा लागेल.

मंग त्यांनी बाहेरची हार्डडिस्क लावली. नवी फाइल बनवली, तिला मी दिलं होतं तसं दोन ओळींचं नाव दिलं आन् माझ्या फोल्डरात टाकली. तीच खिडकी उघडली. दर सोमवारची. ताईंनी पहिल्यांदा ती मला पूर्ण वाचून दाखवली: नाव फार लांब आहे.

‘हे पत्त्यासारखं असतं, भाऊ. कंप्युटर नुसतं माणसाचं नाव न्हाई बघत, जिल्हा, गाव, गल्ली, घर सगळं मिळून बघतो. तुमच्या दुकानातल्या कंप्युटरात फोल्डर वरच होतं, म्हणून बसलं. डिस्कवर तुम्ही बॅकअप, त्यात साल, त्यात महिना, असं आत आत नेलं. पत्ता लांबला. त्यानं घ्यायचं नाकारलं आन् तुम्ही म्हणालात, वगळा.’

‘वर्षभर?’

‘वर्षभर. इकडं किती फायली आहेत, तिकडं किती गेल्या, मोजून न्हाई का बघितल्या कधी?’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आमच्यात मोजत न्हाईत, ताई.’

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मला रडू फुटलं. चाळीस वर्षांचा बाप्या, गिऱ्हाइकांपुढं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला आन् माझ्याकडं न बघता डिस्क चाळत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘एक फोल्डर भरलेलं आहे. काटछाट. ह्यातली नावं छोटी आहेत, म्हणून सगळं आलंय.’

त्यांनी ते तारखेप्रमाणं लावलं आन् पहिली फाइल वाजवली. खोकला. मंग माझाच आवाज, चिडलेला: ‘आबा, खोकू नका ना. हाक खराब होऊन राह्यली.’ मंग आबा: ‘बराबर झालं का रं?’ तारीख बघितली. पोळ्याच्या आठवड्यातली. डॉक्टरांना मी दोन-तीन महिने सांगितले होते. अकरा महिने तो खोकला मी रोज कानाला हेडफोन लावून ऐकला होता आन् रोज कापून टाकला होता.

घरी आलो. आबा दारातच होते, स्पीकर गळ्यात. मी सगळं सांगितलं, काही लपवलं न्हाई. शेवटी म्हटलं, ‘आबा, मी मोजायला पाहिजे होतं. पण आपल्यात मोजत न्हाईत म्हणून...’ तिथं आबांनी माझं मनगट धरलं आन् दोनदा बोटं वाजवली. न्हाई. मंग उकिडवे बसले, हवेत फाटक जरासं उघडलं, आन् एक बोट स्वतःच्या डोळ्याकडं आन् मंग समोर, पुन्हा डोळ्याकडं आन् समोर, असं करत राहिले. मला कळायला वेळ लागला. ते मोजत नव्हते हे खरं. पण आत जाणाऱ्या एकेकीचं तोंड बघत होते. अर्ध्या कानाची आली, लंगडी आली, काळ्या तोंडाची आली. मी फक्त वाडग्याचं फाटक बघून परत येत होतो.

ते रागावले न्हाईत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी त्यांनी स्पीकर माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, ‘आबा, आता माझ्याकडं नुसता खोकला आहे.’ एकदा बोट वाजलं. हो. मंग ‘काटछाट’ स्पीकरच्या कार्डात भरलं, मेंढरं बाहेर काढली, बागेच्या कडेच्या मोकळ्या रानात नेली. मी स्पीकर बांधावर ठेवला, आबा दहा पावलं बाजूला उभे राहिले. मेंढरं पांगलेली होती. मी बटन दाबलं आन् आबा खोकले, स्पीकरमधून.

सगळी मुंडकी एकदम वर झाली. काळ्या तोंडाची आधी निघाली, तिच्यामागं बाकीची. वर्षभर हाकेमागं खोकला ऐकलेली मेंढरं ती. त्यांच्या लेखी तो खोकला म्हणजे आबाच. ती आबांच्या अंगावरून गेली आन् स्पीकरभोवती गोळा झाली. आता कुठं जायचं हे खोकला सांगत नव्हता, म्हणून नुसती उभी राहिली. तेवढ्यात स्पीकरमधून मी ओरडलो, ‘खोकू नका ना!’ आन् ती बिचकून मागं सरली. आबा बाजूला उभे राहून बघत होते. एवढं वाईट मला त्यांचा गळा कापला त्या दिवशी बी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी आबांनी खुणेनं सांगितलं, विकून टाक.

भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा एक मेंढपाळ टेम्पो घेऊन आला. चांगला माणूस, आबांच्या पाया पडला. मेंढरं टेम्पोत चढवताना त्यानं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली तसं आबांनी तोंड फिरवलं. सगळी चढल्यावर मात्र ते पुढं झाले, गळ्यातला स्पीकर काढला आन् त्या माणसाच्या गळ्यात घातला. हाक कुणाला देऊ नये म्हणणारा माणूस. मी पाव्हण्याला सांगितलं, ‘नव्या वाडग्यात ती बावरतील. संध्याकाळी हे वाजवा. कामाची हाक न्हाई ती, पण जवळ येतील.’ आबांनी एकदा बोटं वाजवली.

आता आबा दिवसभर माझ्या दुकानात, काउंटरच्या आतल्या खुर्चीवर बसतात. त्या ‘काटछाट’ फोल्डरच्या मी तीन कॉपी केल्यात, आन् दर सोमवारी मोजतो. मोजून झाल्यावर एकेक वाजवून बी बघतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आबा तेवढा वेळ डोळे मिटून बसतात.

मागच्या आठवड्यात धावड्याहून फोन आला. दुकानात गर्दी नव्हती, म्हणून मी आवाज मोठा करून काउंटरवर ठेवला, आबांना ऐकू यावं म्हणून. पाव्हणा म्हणाला, ‘मेंढरं मजेत आहेत. रोज संध्याकाळी खोकल्यावर बराबर वाडग्यात येतात. पण भाऊ, खोकल्यामागं ते कुणीतरी ओरडतंय ना, खोकू नका म्हणून, त्यानं बिचकून राह्यलीत. तुम्हाला कंप्युटरातलं कळतं. तेवढं ओरडणं कापून द्या की.’

मी आबांकडं बघितलं. आबांनी काउंटरवर बोटं वाजवली. एकदा. मंग थोडं थांबून, पुन्हा एकदा.

‘आबा न्हाई म्हणून राह्यलेत,’ मी म्हटलं.

‘अरे वा!’ पाव्हणा तिकडून खुशीत ओरडला. ‘बोलायला लागले का आबा?’

मी म्हटलं, ‘हाव. बोलतेत.’